मर्ल काउंटीचा हँक

डोरान,
रविवार, १३ ऑक्टोबर

प्रिय वेस,

आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक, कुत्रा ठीक, फ्रिज तेवढा घरघरतोय.

फोनच्या पडद्याकडे बघितलं की डोळ्यांत टोचतं असं तू म्हणालास, म्हणून कागदावर लिहायला घेतलंय, आणि तेही ठसठशीत. शाळेच्या स्वयंपाकघरात रोज फळ्यावर जेवणाचा बेत लिहून माझं अक्षर तसंही ढब्बू झालंय. टोचायचं थांबलं का? थांबलं नसेल तर मालाकायला वाचून दाखवायला सांग. एका खोलीत राहता, तेवढं करेल तो. बदल्यात त्याला पार्सलमधले कोलाचे दे, गोड पाव सगळ्यांनाच आवडतात. जर्दाळूचे वर ठेवलेत, खसखशीचे खाली.

इकडे मक्याची काढणी ऐन भरात आहे. कोठारावर ट्रकांची रांग पार हायवेपर्यंत जाते. तुझे बाबा सकाळी वजनकाट्यावर जाऊन बसतात ते जेवायची वेळ टळून गेल्यावर अंगभर भुसा घेऊन परततात. त्यांचं बोलणं तुला माहीतच आहे. दिवसाला दहा शब्द, त्यातले चार कुत्र्याशी.

चर्चनंतर कार्लकाकांकडे जाऊन आले. खांदे अजून तसेच आहेत, दार अडवतील असे. नर्सने त्यांच्यापुढे रुमालांचा ढीग ठेवला होता आणि ते एकेक घडी करत होते. मला म्हणाले, "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?" मी म्हटलं, तुमच्याकडेच. खूश झाले. तुझे बाबा याही रविवारी आले नाहीत. ट्रकचं टायर बघायचं होतं म्हणे. सख्खा भाऊ आहे, पण ते तिथे गेले की दोन दिवस जेवत नाहीत, म्हणून मीही आग्रह करत नाही.

पॉस्पिशिलच्या कॅफेत सध्या एकच विषय चालू आहे, तुमची फुटबॉल टीम, आणि तिच्यातले पुढच्या फळीतले तुम्ही पाच जण. येताना पाव घ्यायला थांबले तर ड्वेन पॉस्पिशिलने मधल्या टेबलावर तुमची अख्खी लाइन मांडलेली. मिठाची बाटली सेंटर, साखरेचे दोन डबे दोन्हीकडचे गार्ड, उजवीकडे मिरपूड आणि डाव्या टोकाला, टॅकलच्या तुझ्या जागी, मोहरीची बाटली. मागे, तुम्ही पाच जणांनी ज्याला सांभाळायचं तो क्वार्टरबॅक म्हणून दुधाचं भांडं. ड्वेनचं म्हणणं, पोरांचा काही दोष नाही, कोचचं चुकतंय. समोरच्याला रेटत न्यायला शिकलेल्या पोरांना त्याने मागे मागे सरकायला लावलंय. व्हर्ल येलिनेकला ते साफ नामंजूर. तुला शाळेच्या बसमधून नेलं म्हणून तुझ्यावर आपला मालकी हक्क आहे असं त्याला वाटतं. तो म्हणाला, "अरे, ही पोरं थंड हवेच्या हॉलमध्ये लोखंड उचलतात. गवताच्या गासड्या कोणी उचलल्यात? हे बघ काय होतंय ते." आणि त्याने मोहरीच्या बाटलीला टिचकी मारली. बाटली आडवी झाली, दुधाचं भांडं लवंडलं, आणि तेवढ्यात त्यांना मी दिसले.

मी बाटली उचलून होती त्या जागी उभी केली आणि पाव मागितला.

सप्टेंबरमधला किस्सा ते अजून सांगतात. धडकेनंतर तू उठलास आणि आपल्या पोरांकडे यायचं सोडून समोरच्या टीमच्या घोळक्यात जाऊन उभा राहिलास, तो. "पोरगं पक्ष बदलायला निघालं होतं," असं व्हर्ल दर वेळी म्हणतो आणि बाकीचे दर वेळी हसतात. त्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर बघताना मीही हसले होते. तुझे बाबा मात्र उठून बाहेर गाडीत जाऊन बसले. सामना संपेपर्यंत आत आले नाहीत.

पण खरा जीव नकोसा केलाय तो रेडिओवरच्या त्या मेल्याने. सोमवारच्या कोच शोमध्ये फोन करणारा तो मर्ल काउंटीचा हँक तूही ऐकत असशील. बाकीचे लोक पाचही जणांच्या नावाने खडे फोडतात. हा फक्त तुझ्या, तेही नाव न घेता, जर्सीवरच्या नंबराने. नाकात बोलतो, सावकाश, समोर कागद ठेवून वाचल्यासारखा. चौऱ्याहत्तरचा डावा पाय चेंडू निघायच्या आधीच मागे जातो. चौऱ्याहत्तर आता बाहेरून येणारा माणूस उशिरा बघतो. चौऱ्याहत्तरला बाकावर बसवा. कॅफेतले लोक आता याला गुरू मानायला लागलेत. "हँक काय म्हणाला ऐकलंस का" असंच बोलणं सुरू होतं. कोणाचं तरी पोर आहे ते, एवढंही या माणसाला कळू नये? हाती लागला तर कोलाच्याच्या गरम पत्र्यावर बसवीन त्याला.

हो, तुझे बाबा गेल्या महिन्यात तिकडे तुझ्या कॉलेजच्या गावी, हॅलर्टनला, येऊन गेले, तुला सांगायचं राहिलं. कोठारातल्या यंत्राचा पट्टा आणायला गेले होते. तुला भेटले नाहीत, गाडी लावायला जागा मिळाली नाही म्हणाले. तो पट्टा काही मला अजून दिसलेला नाही.

झोपत जा. दूध पी.

तुझी,
आई


डोरान,
मंगळवार, २९ ऑक्टोबर

प्रिय वेस,

पाऊस थांबला, पुन्हा काढणी सुरू झाली. फ्रिज दुरुस्त झाला. तुझ्या खोलीतल्या खिडकीखाली उंदीर झाले होते, ते गेले. चांगल्या बातम्या इथे संपल्या.

शनिवारचा सामना आम्ही घरीच बघितला. हॉलमध्ये जायचं मीच टाळलं. स्टेडियममध्ये कोणीतरी तुझा नंबर लिहून त्यावर फुली मारलेला फलक धरला होता आणि कॅमेरावाला फिरून फिरून त्याच्यावरच येत होता. रविवारी सकाळी उठून बघते तर आपल्या अंगणात एक घडीची खुर्ची. पाठीवर पांढऱ्या रंगात ७४, आणि चिठ्ठी, 'ही निदान जागची हलत नाही.' अक्षर मी ओळखलं. ज्याने लिहिलं त्याच्या मुलांना मी रोज दुपारी जेवायला वाढते. सोमवारीही वाढलं, आणि वाढताना हात आखडता घेतला नाही, हे देवाने लिहून ठेवावं.

तुझे बाबा बाहेर आले, खुर्चीकडे बघत उभे राहिले. मला वाटलं आता भिरकावतील. त्यांनी ती उचलून गॅरेजमध्ये नेली आणि तिच्यावरच बसून राहिले. जेवायला हाक मारली तर म्हणाले, भूक नाही.

परवाच्या तुझ्या फोनबद्दल लिहायचं होतं. तू हसत हसत सांगितलंस म्हणून तेव्हा मीही हूं हूं केलं. ऑगस्टमध्ये सगळ्यांची ती डोक्याची परीक्षा घेतात, शब्द दाखवायचे, मग आठवायला लावायचे, आकृत्या ओळखायला लावायच्या. आणि लाइनमधली तुम्ही पोरं ती मुद्दाम वाईट देता. आठवत असलेले शब्दही आठवत नाहीत म्हणून सांगता. म्हणजे पुढे डोक्याला मार बसून पुन्हा परीक्षा घेतली तरी तेवढेच मार्क पडतात आणि डॉक्टर म्हणतात, काही फरक नाही, खेळ. "आई, मोठी पोरं लहान पोरांना पहिल्याच वर्षी शिकवतात, सगळ्यांना ठाऊक असतं," तू म्हणालास.

सगळ्यांना ठाऊक असतं म्हणजे कोणाला, वेस? डॉक्टरला? कोचला? मला तर नव्हतं.

मी विचारलं, सप्टेंबरच्या धडकेनंतर परीक्षा घेतली का? घेतली म्हणालास. पास झालास का? म्हणालास, अगदी ऑगस्टएवढेच मार्क पडले. आणि हसलास. मग मी विचारलं, या वेळी शब्द आठवत असून आठवत नाहीत म्हणालास, की खरंच आठवले नाहीत? तू म्हणालास की मालाकाय बोलावतोय, आणि फोन ठेवलास.

हे मी तुझ्या बाबांना सांगितलं. राग मानू नकोस, मी दुसऱ्या कोणाला सांगणार? ते ऐकत होते. ऐकून झाल्यावर बेसिनपाशी गेले, नळ सोडला आणि नुसतेच उभे राहिले.

तू म्हणालास, "त्या हँकला मी दाखवतोच. एकही सामना सोडणार नाही, मग बघू कोण बाकावर बसतं." एरवी मला या बोलण्याचा अभिमान वाटला असता. गुडघ्याएवढा होतास तेव्हापासून कोणी डिवचलं की तू असाच पाय रोवतोस. पण आता विचारते, एक शनिवार नाही खेळलास तर काय बिघडेल? त्या हँकच्या तोंडाला कुलूप लागेल की नाही, ते मरू दे. मी तुझं विचारतेय.

काल तो पुन्हा बोलला. या वेळी आवाज जरा कापत होता. प्यायला असेल.

तुझी,
आई


डोरान,
रविवार, १७ नोव्हेंबर

प्रिय वेस,

तू फोन उचलत नाहीस. उचलू नकोस. पण हे पत्र फाडण्याआधी शेवटपर्यंत वाच, किंवा वाचून घे.

आम्ही ठीक आहोत हे लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं. ठीक नाही आहोत.

सगळ्यात आधी हँकबद्दल. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत माझ्याकडून कळावं. ड्वेन पॉस्पिशिलने ओळखलंय, म्हणजे आज ना उद्या सगळ्या गावाला कळेल.

चार तारखेच्या सोमवारी मी तुझ्या बाबांचा डबा घेऊन कोठारावर गेले. अंधार पडला होता. गाडीत कोच शो लावलेला आणि हँक बोलत होता, तुझा उजवा खांदा कसा खाली जातो वगैरे. मी त्याला शिव्या देत गाडी वजनकाट्यासमोर उभी केली. ऑफिसच्या खिडकीत दिवा होता. तुझे बाबा पाठमोरे उभे, फोन कानाला. ट्रकवाल्याशी बोलत असतील म्हणून मी गाडीतच थांबले. त्यांनी फोन ठेवला, टोपी काढली, डोकं खाजवलं. आणि इकडे रेडिओवर हँक म्हणाला, "बस, एवढंच सांगायचं होतं," आणि त्याने फोन ठेवल्याचा आवाज आला.

कोणी शिवी दिली तर कापता यावी म्हणून रेडिओवर आवाज जरा उशिरा सोडतात, हे तूच मला सांगितलं होतंस.

मी आत गेले. डबा टेबलावर ठेवला. काय बोलले ते सगळं लिहीत नाही, देवाचं नाव घेणाऱ्या बाईच्या तोंडी शोभणारं नव्हतं. ते ऐकत राहिले. मग ते बोलले, आणि आमच्या लग्नापासून मी त्यांना एका दमात एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

सप्टेंबरमध्ये ते हॅलर्टनला आले ते पट्ट्यासाठी नव्हे. तुमच्या लाइनच्या कोचला भेटायला आले होते. त्याला म्हणाले, माझा मुलगा चुकीच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला, त्याला काही दिवस बसवा. माझा भाऊ याच जागी खेळायचा, आज त्याला स्वतःच्या बायकोचं नाव येत नाही. कोचने ऐकून घेतलं म्हणे, खुर्ची दिली, कॉफी दिली. मग म्हणाला, तुमचा मुलगा सज्ञान आहे, तो स्वतः ठीक आहे म्हणतो, परीक्षेत पास झालाय, आणखी काय पाहिजे? आणि पाठीवर थाप मारून दारापर्यंत सोडायला आला.

"परत येताना मी रेडिओ लावला," तुझे बाबा मला म्हणाले. "लोक फोन करत होते. लोकांनी ओरडून ओरडून दोन कोच घालवलेत या राज्यात, एक क्वार्टरबॅक घालवलाय. मी म्हटलं, एक टॅकल का जाणार नाही? बाप म्हणून सांगितलं तर पाठीवर थाप मिळाली, आर्लीन. चाहता म्हणून बोललो तर अख्खं राज्य ऐकायला लागलं."

मी म्हटलं, "राज्याने ऐकलं. पण त्यानेही ऐकलं ना. तू त्याला बाकावर बसवायला निघालास आणि तो हँकला दाखवायचं म्हणून उभा आहे. डोकं फुटलं तरी उभा राहील."

हे त्यांना सुचलंच नव्हतं. मी त्यांचा चेहरा बघितला, वेस, खरंच सुचलं नव्हतं. टोमणा ऐकला की पाय आणखी रोवायचे, हे अंगणात त्यांनीच तुला शिकवलं, आणि तेच विसरले. ते खाली बसले आणि मोठ्याने रडले. बाहेर ट्रकवाला भोंगा वाजवत होता.

त्यांनी पुन्हा फोन करणार नाही म्हणून सांगितलं. मग नऊ तारखेचा सामना झाला. तिसऱ्या भागात तू बाकामागे जाऊन ओकलास, तोंड धुतलंस, आणि पुन्हा आत गेलास. टीव्हीवरच्या माणसाने वाहवा केली. कॅफेत व्हर्लसुद्धा पाघळला, काही म्हणा, पोरात दम आहे, म्हणाला. आणि तुमच्या कोचने जाहीर केलं की सोमवारी हॉटेलात लोकांसमोर होणाऱ्या शोला तो तुला शेजारी घेऊन बसणार, आपल्या माणसाच्या पाठीशी उभं कसं राहतात ते लोकांना दाखवायला.

त्या सोमवारी तुझ्या बाबांनी आपल्या स्वयंपाकघरातून फोन लावला. लेलंड व्होंड्रा म्हणून बोलणार, सगळं खरं सांगणार, असं आमचं ठरलं होतं. पण फोन घेणाऱ्या मुलीला त्यांनी हँकच सांगितलं, कारण हँकला लगेच घेतात, बाकीच्यांना ताटकळत ठेवतात. घेतलंच. निवेदक खुशीत म्हणाला, "हँक, आज चौऱ्याहत्तर स्वतः इथे बसलाय. आता सांगा त्याच्या तोंडावर." मागे हॉटेलातले लोक हसले. तूही हसलास बहुतेक.

तुझ्या बाबांनी तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. निवेदक हॅलो हॅलो करतोय, लोक हसताहेत, आणि हे फोन धरून भिंतीकडे बघत उभे. म्हणून मी तो त्यांच्या हातातून घेतला.

पुढे मी काय बोलले ते तू समोर बसून ऐकलंस. मी आर्लीन व्होंड्रा बोलतेय, डोरानहून. चौऱ्याहत्तर माझा मुलगा आहे. मग सप्टेंबरचं, डोळ्यांचं, ऑगस्टच्या परीक्षेचं, सगळं सांगितलं. बाकी पोरांची नावं घेतली नाहीत, पण सगळीच असं करतात हे बोलून गेले. निवेदकाला कापता आलं असतं. त्याने कापलं नाही. शेवटी म्हटलं, त्याला घरी पाठवा. त्यानंतर रेडिओवर नुसता हॉटेलातल्या ताटल्यांचा आवाज येत होता.

मग निवेदकाने तुला एक प्रश्न विचारला आणि तू उत्तर दिलंस. त्याबद्दल नंतर लिहिते.

मंगळवारी कॉलेजने तुला खेळण्यापासून थांबवलं, तुझ्याबरोबर डावा गार्डही थांबवला. आम्ही त्याच दिवशी हॅलर्टनला आलो. मालाकाय खोलीबाहेर बूट हातात घेऊन उभा होता. म्हणाला, पडदे लावून झोपलाय, कोणाला आत सोडू नको म्हणाला. आम्ही दाराबाहेर बसून राहिलो. मी दोनदा हाक मारली. आतून पलंग वाजल्याचा आवाज आला होता, एवढं मला माहीत आहे. नंतर डॉक्टरच्या ऑफिसात गेलो. तिथली मुलगी चांगली होती, पण मुलगा सज्ञान आहे, त्याच्या परवानगीशिवाय काही सांगता येत नाही, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

गावात निम्मे लोक माझ्याशी बोलत नाहीत. व्हर्ल शाळेच्या स्वयंपाकघरात येऊन मला सुनावून गेला. "आर्लीन, घरातली गोष्ट घरात ठेवायची होती. पोराचं भविष्य मातीत घातलंस. मोठ्या लीगवाले त्याच्याकडे बघत होते." मी म्हटलं, व्हर्ल, तू बाटली टिचकीने पाडत होतास ना? मग आता ती खाली गेल्याचं दुःख तुला कशाला? तर तो म्हणाला, ते वेगळं, ते प्रेमाने होतं. आणि हे बोलताना त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. या लोकांचं मी काय करू, तूच सांग.

काल आपली टीम जिंकली. तुझ्या जागी तो नवा लाल केसांचा मुलगा होता. क्वार्टरबॅकच्या अंगाला कोणाचा हात लागला नाही. चर्चच्या हॉलमध्ये अॅकॉर्डियन काढलं, पोल्का नाचले. आम्ही गेलो होतो, न जावं तर तोंड लपवलं म्हणतील. लाइन सुधारली, लाइन सुधारली, असं सगळे एकमेकांना टाळ्या देत सांगत होते. इतके आठवडे ज्यांच्या तोंडात दुसरं नाव नव्हतं, त्यांच्यापैकी एकानेही तू कसा आहेस हे विचारलं नाही. फक्त ड्वेनने निघताना तुझ्या बाबांचा हात धरला आणि हळूच म्हणाला, "हँक, घरी जा, झोप जरा."

तुझे बाबा आता रोज कार्लकाकांकडे जातात. त्यांच्या शेजारी बसून रुमालांच्या घड्या करतात. हँक कोण ते तुला लिहू का, असं मी त्यांना विचारलं. लिही, म्हणाले. माफी मागायची का विचारलं तर म्हणाले, मागायची आहे, पण ती मी तोंडाने मागेन, तो दार उघडेल तेव्हा.

आता ते उत्तर.

निवेदकाने विचारलं, "वेस, ही तुझी आई आहे?" तू थोडा थांबलास. मग म्हणालास, "मी या बाईंना ओळखत नाही."

पहिले दोन दिवस माझं काळीज जळत होतं. सगळ्या राज्यासमोर पोटच्या पोराने मला परकं केलं, असं मनात घोळत होतं. तुझे बाबा म्हणत राहिले, "रागाने म्हणाला गं तो, रागाने." मीही तेच धरून बसले. मुलं रागात काहीही बोलतात, आणि तुला राग यायलाच हवा होता. तुझं स्वप्न मी भर चौकात मोडलं.

गुरुवारी ड्वेनने मला त्या शोचं रेकॉर्डिंग काढून दिलं. तेव्हापासून मी ते ऐकतेय. रागावलेला तू मला माहीत आहेस, वेस. तुझा आवाज चढतो, तू शब्द चावतोस, मागे दार आपटतोस. त्या वाक्यात तसं काही नाही. तू शांतपणे बोललास. आदराने बोललास. बाहेरच्या कोणा वयस्कर बाईशी जसं बोलावं म्हणून मी तुला शिकवलं, तसा बोललास. आणि बोलण्याआधी थांबलास, ते मला आठवू पाहणाऱ्याचं थांबणं वाटतं. मी पुन्हा लावते, कुठेतरी राग सापडेल म्हणून कान देऊन ऐकते. अजून सापडला नाही.

म्हणून एकच मागते. माफ करू नकोस. घरी येऊ नकोस. आयुष्यभर माझं तोंड बघू नकोस, मी ते सहन करीन, आनंदाने करीन. फक्त एक ओळ पाठव. तू मला ओळखलं होतंस आणि मुद्दाम तसं म्हणालास, एवढीच. मालाकायच्या हातची नको, तुझ्या हातची.

नेहमी खाली नुसतं आई लिहिते. आज नाव लिहून ठेवते, तुला लागलं तर असावं.

तुझी आई,
आर्लीन व्होंड्रा